अल्ट्रामरीन्स (२०१०): सगळे नावं ठेवतात, पण मला हा पिच्चर मनापासून आवडतो

निळं_चिलखत
शनिवारी रात्री परत एकदा 'अल्ट्रामरीन्स' लावला, पाचवी वेळ असेल. माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. वॉरहॅमर ४०,००० हा टेबलावर मांडून खेळायचा युद्धाचा खेळ, नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपचा, १९८७ साली आला. बोटभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक सुट्या भागांत मिळतात, ते जोडायचे, रंगवायचे आणि मग मोजपट्टी आणि फासे घेऊन दोघांनी लढायचं. त्याच्यावरचा पूर्ण लांबीचा पहिला अधिकृत अॅनिमेशनपट म्हणजे हा. दिग्दर्शक मार्टिन पिक, पटकथा डॅन अॅबनेटची, आणि आवाज कोणाकोणाचे तर टेरेन्स स्टॅम्प, जॉन हर्ट, शॉन पर्टवी.

थेट डीव्हीडीवर आला आणि आल्या दिवसापासून शिव्या खातोय. चेहरे मेणाचे वाटतात, ग्रह रिकामा वाटतो, अर्धा वेळ नुसतं चालणंच चाललंय, हे सगळं मलाही दिसतं. तरी माझं म्हणणं असं की स्पेस मरीन (या खेळातले चिलखती योद्धे, निळे अल्ट्रामरीन्स हे त्यांच्यातलेच) म्हणजे नक्की कोण हे या पिच्चरला जेवढं कळलंय तेवढं नंतरच्या चकाचक गोष्टींना कळलेलं नाही. ही माणसं लहानपणीच घरातून उचललेली, अंगात १९ जादा अवयव बसवलेले, आयुष्यभर एकाच मठात राहिलेली. ते सैनिक नंतर, आधी संन्यासी. पिच्चर सुरू होतो तो जहाजावर, मिथ्रॉन ग्रहावर उतरायच्या आधी, आणि त्या सगळ्या भागात शपथा, प्रार्थना, हळू आवाजातलं बोलणं आणि वाट बघणं एवढंच आहे. मला तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो. तुम्हाला काय वाटतं? कथेबद्दल मोकळेपणाने बोलूया, म्हणजे ज्यांनी बघितला नाही त्यांनी आधी बघून या.

फासेवाला
मला आवडला नाही. पण धाग्याबद्दल आभार, मराठीत या विषयावर बोलायला कोणी भेटत नाही.

रेंडरबाबा
मी मुंबईत व्हीएफएक्समध्ये बारा वर्षं आहे त्यामुळे जरा कामाच्या बाजूने लिहितो. तो रिकामा, धुळीने भरलेला ग्रह बघून लोक वैतागतात पण धूळ आणि धुकं का असतं ते समजून घ्या. लांबचं जेवढं दिसणार नाही तेवढं बनवावं लागत नाही. झाडं नाहीत, गर्दी नाही, पाणी नाही, कापड जवळपास नाही, सगळे एकाच साच्यातले चिलखतवाले. म्हणजे कोणीतरी पैसे मोजूनमापून हा आराखडा केलाय आणि तो चुकीचा नव्हता. चिलखत दाखवायला सोपं, कडक वस्तू आहे, प्रकाश कसा पडणार ते ठरलेलं. ओरखडे, गंज, उडालेला रंग टाकला की डोळ्याला पटतं. अवघड असतो तो चेहरा. कलाकाराचा चेहरा टिपून त्याच्या हालचाली पुतळ्यावर चढवल्या तरी डोळ्याखालची कातडी, ओठाचे कोपरे, मान वळवताना गळ्याची शीर हे हललं नाही की बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय खटकतंय ते सांगता येत नाही. आणि इथे त्यांनी एवढे मोठे नट घेतले म्हणून की काय, हेल्मेट काढून बोलण्याचे प्रसंग भरपूर ठेवले. जिथे पैसा नाही तिथेच कॅमेरा नेला.

सायमा पेडरसन नावाच्या माणसाने २०१८ ते २०२० मध्ये 'अस्टार्टिस' नावाचे पाच छोटे भाग जवळजवळ एकट्याने केले. त्याचे मरीन हेल्मेट काढत नाहीत आणि बोलतही फारसे नाहीत. नुसत्या चालण्यावरून आणि मान वळवण्यावरून कळतं की हा प्राणी किती जड आहे आणि किती वेगवान आहे. ज्याच्याकडे काय नाही ते त्याला नीट माहीत होतं.

निळं_चिलखत
@रेंडरबाबा चेहऱ्यांबद्दल मान्य. पण अस्टार्टिसमधले मरीन मला कोण आहेत ते कळत नाही, ते काय करतात ते कळतं. बघताना छाती भरून येते, पण संपल्यावर एकाचंही नाव मनात राहत नाही. या पिच्चरमधला नवखा प्रोटियस राहतो.

मालवणी_तडका
काय कळना नाय पण वाचूक मजा येता. ४०,००० म्हणजे काय, किंमत?

फासेवाला
@मालवणी_तडका गोष्ट ज्या काळात घडते तो काळ हो, अडतीस हजार वर्षांनंतरचा. 😄 पण किंमतीचं विचारलंत तर एक बरं सैन्य उभं करायला तो आकडाही पुरत नाही कधीकधी.

पुस्तककिडा
माझी तक्रार चेहऱ्यांची नाहीच, कथेची आहे. मिथ्रॉन हा पवित्र ग्रह, तिथल्या देवळाची राखण करायला इम्पिरियल फिस्ट्स या पिवळ्या चिलखतवाल्या मरीनांचे शंभर जण ठेवलेले, तिथून मदतीचा संदेश येतो, अल्ट्रामरीन्सची एक तुकडी जाते, तीही बरीचशी नवख्यांची. तिथे सगळे मेलेले, दोघंच जिवंत, कार्नक आणि नायडन, आणि त्यांनी जपलेला एक ग्रंथ. मध्येच कॅप्टन सेव्हरस राक्षसाशी लढताना जातो आणि मग परत येतो. अहो, परत आल्याक्षणीच कळतं की हा तो नाही! पुढचा सगळा वेळ प्रोटियसला कधी कळणार याची वाट बघत बसायचं. अॅबनेटच्या कादंबऱ्या वाचलेल्या माणसाला हे फार पातळ लागतं. त्याच्या गॉन्टच्या मालिकेत साध्या सैनिकाला दोन पानांत उभा करतो तो, आणि इथे बारा जणांतले नऊ कोण होते ते सांगता येत नाही.

निळं_चिलखत
@पुस्तककिडा तुम्ही म्हणताय ते खरं आहे, मला पण पहिल्याच वेळी कळलं होतं. पण मी याकडे रहस्यकथा म्हणून बघतच नाही. आपल्याला कळलंय आणि त्यांना कळत नाही, यातच तर दुखतं. सगळ्यांचा संशय कोणावर? त्या दोन पिवळ्या चिलखतवाल्यांवर. का, तर ते परके, दुसऱ्या चॅप्टरचे, म्हणजे मरीनांच्या दुसऱ्या पंथाचे. कॅप्टनवर संशय घ्यायचा विचारसुद्धा कोणाच्या मनात येत नाही कारण तसा विचार करणं हेच त्यांच्याकडे पाप. आज्ञा पाळायची एवढंच शिकवलेला पोरगा, आणि त्याला ठरवायचंय की ज्याने मला शिकवलं तोच नासलाय. मला वाटतं स्पेस मरीनची याच्याहून मोठी परीक्षा असू शकत नाही. समोर एक लाख शत्रू उभे करा, त्याला भीती नाही वाटणार, तो तसाच बनवलाय. इथे त्याला भीती वाटते. प्रोटियस बोलतो त्या शॉन पर्टवीच्या आवाजात ती ऐकू येते, चेहऱ्यावर नसेल दिसत.

तांबडी_माती
निळं_चिलखत भाऊ, ते संन्यासी आणि सैनिक वालं वाचून आठवलं. आपल्या इतिहासातही हे होतंच की. गोसावी. शस्त्रं बाळगणारे, शिस्तीचे, फौजाच्या फौजा होत्या त्यांच्या. पानिपतला १७६१ मध्ये शुजाउद्दौल्याकडून अनुपगीर आणि उमरावगीर गोसाव्यांची फौज होती, म्हणजे अब्दालीच्या बाजूने. शाळेत असताना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला झोप लागली नव्हती, अंगाला राख फासलेली माणसं आपल्याविरुद्ध का लढली म्हणून.

पुस्तककिडा
@तांबडी_माती छान मुद्दा. पण गोसावी पगार घेऊन लढायचे, आज इकडे उद्या तिकडे, त्यांच्याकडे व्यवहार होता. मरीनकडे व्यवहार शून्य. तरी राख फासलेली फौज हे चित्र डोक्यातून जाईना आता.

सातारची_माई
मी इथे कधी लिहीत नाही, वाचते फक्त. माझा मुलगा दहावीत आहे, त्याला हा खेळाचा नाद लागलाय. आमच्याकडे दिवाळीत किल्ला व्हायचा, अजूनही होतो, मातीचे मावळे आणायचे बाजारातून. त्यांचे डोळे नेहमी वेडेवाकडे रंगवलेले असतात म्हणून हा दोन वर्षांपूर्वी बसून सगळ्या मावळ्यांचे डोळे नवीन काढायला लागला, काडेपेटीच्या काडीला टोक करून. तिथून हे सुरू झालं. तर मला विचारायचं होतं की हा पिच्चर मुलाबरोबर बसून बघण्यासारखा आहे का? रक्त फार आहे का? तो काय रंगवतो, का रंगवतो हे मला कळून घ्यायचंय.

निळं_चिलखत
माई, नमस्कार. तुमचा मुलगा काडीने डोळे काढतो म्हणजे तो आमच्यातलाच आहे. पिच्चरमध्ये मारामारी आहे, माणसं मरतात, राक्षस आहे, पण दहावीच्या मुलाने बघू नये असं काही मला तरी वाटलं नाही. साधारण सव्वा तासाचा आहे. जरूर बसा त्याच्याबरोबर. आणि मध्ये थांबवून त्याला विचारा की निळे कोण पिवळे कोण, तो सांगत बसेल रात्रभर.

तांबडी_माती
माई काडेपेटीच्या काडीने!! आम्ही पण किल्ल्यावर हेच केलं, मी तर मावळ्यांच्या रांगा लावून भावाशी लढाई खेळायचो, गोटी मारून जो पडेल तो मेला. नंतर कळलं की एच. जी. वेल्स या लेखकाने १९१३ मध्ये नेमकं हेच केलं होतं, खेळण्यातल्या तोफेने शिशाचे सैनिक पाडायचे, आणि त्याचे नियम लिहून पुस्तक काढलं. त्याच्याही आधी प्रशियात राइसविट्झ बापलेकांनी अधिकाऱ्यांना शिकवायला नकाशावरचा फाशांचा युद्धखेळ केला, मुलाने १८२४ मध्ये लष्करासाठी पक्का केला. आणि सगळ्यांच्या आधी आपलं चतुरंग आहेच.

फासेवाला
आता मला का आवडला नाही ते सांगतो. मी खेळणारा माणूस आहे. टेबलावर मरीनने बोल्टर, म्हणजे त्याची बंदूक, झाडला तर काय होतं बघा. फाशावर तीन किंवा वर आलं तर नेम लागतो, म्हणजे सहात चार. समोरही मरीनच असेल तर जखम व्हायला चार किंवा वर, सहात तीन. मग समोरच्याचं चिलखत, तीन किंवा वर आलं की तो वाचतो, म्हणजे तिनात एकदाच फसतो. गुणाकार करा, नऊ गोळ्यांमागे एक जखम. पिच्चर आला तेव्हाच्या नियमातही हेच उत्तर यायचं. म्हणून दोन मरीन तुकड्या समोरासमोर आल्या की ते दळण चालतं, कोणी पटकन पडत नाही, आणि तू हातघाईला जायचं की लांबून झाडत बसायचं हे ठरवण्यात सगळा खेळ असतो. पिच्चरमध्ये ब्लॅक लीजनवाले, म्हणजे दहा हजार वर्षं लढलेले फितूर मरीनच ते, धुक्यातून येतात आणि धडाधड पडतात. आपले निळे पण कधी एका गोळीत जातात, कधी दहा खाऊन उभे. वजन नाही त्याला. कोण कुठे उभा आहे, आडोसा कुठे आहे, किती लांब आहे काही कळत नाही. मैदान कळलं नाही तर लढाई कसली.

रेंडरबाबा
@फासेवाला हा मुद्दा मला पटला आणि तो पैशाचा नाही. मैदान दाखवायला एक वरचा शॉट पुरतो. धुक्यातसुद्धा जमतं.

निळं_चिलखत
@फासेवाला नऊ गोळ्यांचं गणित मी कधी असं मांडलंच नव्हतं. हो, लढाया कच्च्या आहेत. मी त्यांचा बचाव करणार नाही. माझा जीव आहे तो लढायांच्या मधल्या जागांवर. उदाहरण देतो. पिथॉल, तुकडीचा वैद्य, डोनाल्ड सम्प्टरचा आवाज. अपोथेकरीचं काम फक्त जखमा बांधायचं नसतं, मेलेल्या भावाच्या शरीरातून जीनसीड काढून घ्यायचं असतं म्हणजे त्यातून पुढचा मरीन घडवता येतो. एवढं माहीत असलं की पिथॉल पडद्यावर आल्या आल्या आपण वेगळ्या नजरेने बघतो. मी माझा अपोथेकरी रंगवला तेव्हा चिलखत पांढरं करायला सात पातळ हात दिले, एकच जाड दिला तर सांध्यांत रंग साचून चिखल होतो. सातव्या हाताला वाटलं की या माणसाने किती जणांच्या छातीत हात घातला असेल. मग त्याच्या हातमोज्यांवर थोडा तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, टाकला, सुकलेल्या रक्ताचा. बाकी सगळं स्वच्छ ठेवलं.

सातारची_माई
हे वाचून दाखवलं मी मुलाला. तो म्हणाला हातमोज्याची आयडिया भारी आहे.

कोकणकडा_९
विषय सोडून विचारतो, पावसाळ्यात प्राइमर कसा मारता? माझे दहा मरीन स्प्रे केल्यावर अंगावर पिठी साखर टाकल्यासारखे झाले. खरखरीत. बोट फिरवलं की पांढरं येतं.

फासेवाला
दमट हवा. स्प्रेचा थेंब मॉडेलपर्यंत पोचायच्या आधीच बिघडतो. जून ते सप्टेंबर स्प्रे बंद, ब्रशने लावायचा प्राइमर आण, पातळ दोन हात. मारायचाच असेल तर डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं धर, खोलीत, डीह्युमिडिफायर लावून, आणि आधी एका चमच्यावर मारून बघ.

कोकणकडा_९
चमच्यावर! धन्यवाद दादा. त्या दहांचं काय करू?

फासेवाला
जुन्या टूथब्रशने घासून बघ, निघेल बरंच. राहिलं ते खडबडीत राहू दे, मिथ्रॉनची धूळ म्हण. 😄

नॉटिंगहॅमकर
मी नॉटिंगहॅमला सहा वर्षं आहे. इथे गेम्स वर्कशॉपच्या वॉरहॅमर वर्ल्डला बाहेर स्पेस मरीनचा मोठा पुतळा आहे आणि आत काचेमागे हजारो मॉडेल्सची युद्धं मांडलेली. मी पिच्चर आधी बघितला होता आणि तेव्हा मलाही रिकामाच वाटला होता. ते देखावे बघितल्यावर माझं मत बदललं, पण तुमच्या उलट दिशेने. तिथे एकेका खिडकीसमोर उभं राहिलं की दहा मिनिटं हलवत नाही. प्रत्येक कोपऱ्यात कोणीतरी काहीतरी करतंय, एक जण भिंतीआड मॅगझिन बदलतोय, एक जण पडलेल्याला ओढतोय. हा खेळ मुळात दाटीचा आहे. मूठभर माणसं आणि मोकळं मैदान हे त्याचं रूपच नाही. पैसे नसतील तर मग जहाजाच्या आतच गोष्ट घडवायची होती. खोल्या, बोळ, देवघर. शेवटचा भाग जहाजावर येतो तेव्हा पिच्चर एकदम सुधारतो, हे कोणाच्या लक्षात आलं का?

रेंडरबाबा
आलं! भिंती आल्या की प्रकाश कुठून येतोय ते कळतं. आकृती उठून दिसतात.

पुस्तककिडा
@नॉटिंगहॅमकर सहमत. आणि कथाही तिथेच खरी सुरू होते. बंद जहाज, आत एक नासलेला, आणि कोणालाच कोणावर विश्वास नाही. हे तासभर आधी व्हायला हवं होतं.

निळं_चिलखत
हे मात्र मला पाच वेळा बघून सुचलं नव्हतं. खरंच. सगळा पिच्चर जहाजावर असता, मिथ्रॉन फक्त पहिली पंधरा मिनिटं, तर मला जे आवडतं ते सगळं वाढलं असतं आणि तुम्हाला जे खटकतं ते कमी झालं असतं.

मालवणी_तडका
मी बघलंय काल राती. तो म्हातारो पिवळ्या कपड्यातलो कोण? आवाज काय भारी.

निळं_चिलखत
@मालवणी_तडका कार्नक, जॉन हर्ट! २०१७ मध्ये गेले ते. आणि कॅप्टन सेव्हरस म्हणजे टेरेन्स स्टॅम्प, ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले. ती बातमी आली त्या रात्री मी हा पिच्चर चौथ्यांदा लावला होता. लोकांनी त्यांना 'सुपरमॅन'मधला झॉड म्हणून आठवलं आणि ते बरोबरच आहे, पण माझ्यासाठी ते सेव्हरस. आधीचा सेव्हरस आणि परत आलेला सेव्हरस, दोन्ही तोच आवाज, तीच संथ लय, तरी दुसऱ्यात ऊब नाही. नुसत्या आवाजाने केलंय ते. पुढच्या वेळी डोळे मिटून ऐका.

पुस्तककिडा
अमेझॉन आणि नट हेन्री कॅव्हिल यांचं वॉरहॅमर पडद्यावर आणायचं जे चाललंय त्यात काय होईल असं वाटतं? २०२२ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं, दोन वर्षांनी करार पक्का झाला. २०२४ मधला 'सीक्रेट लेव्हल'चा वॉरहॅमरचा भाग बघितलात का, ब्लर स्टुडिओचा? टायटस नावाचा अल्ट्रामरीन आणि त्याचे साथीदार. दिसायला या पिच्चरच्या शंभर पट वरचा.

निळं_चिलखत
बघितला, तीन वेळा. दिसायला अप्रतिम, वजन आहे, फासेवाल्यांचं समाधान होईल असं मैदान आहे. पण पंधरा मिनिटांत शंका घ्यायला वेळ कुठे असतो. कॅव्हिल स्वतः मॉडेल्स रंगवतो म्हणून मला आशा आहे. जो माणूस एका खांद्याच्या पट्टीवर तासभर घालवतो त्याला माहीत असतं की हे लोक दिवसभर नुसते ओरडत पळत नसणार.

फासेवाला
बरं ऐका. काल रात्री झोप येईना म्हणून मी पिच्चर परत लावला, तुमचं डोळे मिटून ऐका वाचून. अर्धा तास डोळे मिटून ऐकला. सेव्हरसचं खरंय. परत आल्यावर तो प्रोटियसला एकदाही शिकवत नाही, फक्त सांगतो. आधी शिकवत होता. मला लढाया अजूनही कच्च्याच वाटतात, ते मत बदलणार नाही. पण माझ्याकडे पुठ्ठ्याचे जहाजाचे बोळ पडून आहेत जुन्या एका खेळातले. त्यावर हा शेवट मांडू या का? तुझे निळे, माझ्याकडे पिवळे नाहीत पण दोन रंगवून देतो. एक खेळाडू राक्षस. कोणाच्या अंगात आहे ते चिठ्ठी काढून ठरवायचं आणि त्याने सांगायचं नाही. दर फेरीला बाकीच्यांनी ठरवायचं, आज्ञा पाळायची की बंदूक वळवायची.

कोकणकडा_९
मी येणार!!! पिठी साखरवाले दहा घेऊन येतो.

तांबडी_माती
चिठ्ठीचा नियम लिहून काढा आधी, नाहीतर भांडणं होतील. कॅप्टनवर संशय घेतला आणि तो चुकीचा निघाला तर काय शिक्षा, ते पाहिजे. नाहीतर सगळे पहिल्याच फेरीत सगळ्यांवर संशय घेतील.

फासेवाला
चुकीचा निघाला तर त्याचे फासे पुढच्या दोन फेऱ्या एकने कमी. आणि त्याची शपथेची चिठ्ठी काढून घ्यायची.

सातारची_माई
आम्ही बघितला काल दोघांनी. मुलाने सतरा वेळा थांबवला. मला शेवटपर्यंत कॅप्टनच बरोबर वाटत होता, म्हणजे मीच फसले, आणि तो माझ्याकडे बघून हसत होता, त्याला कधीच कळलं होतं. प्रोटियस हातोडा घेऊन उभा राहतो तिथे तो मात्र हसला नाही. तुम्ही पुण्यात खेळणार असाल तर त्याची सहामाही संपल्यावर ठेवाल का? मी घेऊन येईन त्याला.

निळं_चिलखत
माई, नक्की. सहामाहीनंतरचा पहिला शनिवार, माझ्या घरी, पत्ता निरोपात पाठवतो. प्रोटियस माझ्याकडे जोडून तयार आहे, पण हातोडा अजून नुसता काळ्या प्राइमरमध्ये आहे. तुमच्या मुलाला सांगा तो काढीन म्हणाला तर हातोडा मी त्याच्यासाठी तसाच ठेवतो. काडी त्याने आणायची.